गैबी मास्तरचा फर्मा

१

दिवाळी उरकली की कोल्हापुरातल्या कापडवाल्यांची दुकानं आठवडाभर नुसती उघडी असतात, चालू नसतात. कारागीर गावाकडं जाऊन येतात, मशीनला तेल पडतं आणि मालक लोक गादीवर बसून उरलेल्या चकल्या संपवतात. आकारामशेठच्या लक्ष्मीपुरीतल्या कारखान्यातही तसंच चालायचं. फक्त एक काम त्या दिवसांत न चुकता व्हायचं. भाऊबिजेनंतरच्या पहिल्या सोमवारी शेठ स्वतः धापा टाकत जिना चढून वर यायचे, कटिंग मास्तर सिकंदरच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवायचे आणि म्हणायचे, "मास्तर, यंदाचा फर्मा."

चिठ्ठीत सात आकडे असायचे. गळा, छाती, पोट, तीरा म्हणजे या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, बाही, पाठ आणि लांबी. त्या सात आकड्यांवरून सिकंदर जाड पुठ्ठ्याचा फर्मा कापायचा, आणि त्या एका फर्म्यावरून लहानमोठे सगळे साइज निघायचे. वर्षभर मग तोच शर्ट हुपरीच्या बाजारापासून शिरोलीच्या फौंड्रीपर्यंत सगळ्यांच्या अंगावर दिसायचा.

आकड्यांच्या खाली दरवर्षी आणखी एक ओळ असायची. 'डावा खांदा उतरता.' विकायच्या शर्टाचा एक खांदा मुद्दाम खाली कापायचा, हे ऐकून दुसऱ्या कुठल्याही कारखान्यातला मास्तर हसला असता. सिकंदरही पहिल्या वर्षी हसला होता. पण शर्ट खपत होते. पैलवान घालो, शाळामास्तर घालो की ऊस वाहणारा गाडीवान घालो, 'आकाराम'चा शर्ट अंगात गेला की माणूस आरशात बघून म्हणायचा, "माझ्यासाठीच बेतलाय की ह्यो!" शर्ट माणसाला बसत होता की माणूस शर्टात, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. चालत्या धंद्याला प्रश्न विचारायची आपल्याकडं रीत नाही.

१९७९ सालच्या त्या सोमवारी मात्र शेठ आले नाहीत. मंगळवारी आले नाहीत, बुधवारीही नाही. खाली दुकानाच्या गादीवर ते दिसायचे, पण जिन्याकडं बघायचे नाहीत. कारागीर परतले होते, कापडाचे तागे येऊन पडले होते, आणि सिकंदर मास्तर कातर हातात घेऊन नुसता बसला होता.

२

गुरुवारी सिकंदरनं ठरवलं, चिठ्ठीची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. मागचे फर्मे काढू, दरसाल किती फरक पडतो बघू आणि अंदाजानं यंदाचा कापू. माळ्यावर खिळ्याला सगळे फर्मे टांगलेले होते, प्रत्येकावर साल घातलेलं. बासष्ट ते अठ्ठ्याहत्तर, सतरा फर्मे. शेवटचे अकरा त्याच्याच हातचे होते. त्यानं धूळ झटकली आणि खिडकीजवळच्या टेबलावर एकावर एक मांडले, सगळ्यात जुना तळाशी.

फॅशन बदलते तसे फर्मे बदलतात, अशी त्याची समजूत होती. त्या वर्षांत कॉलर कुत्र्याच्या कानाएवढ्या झाल्या होत्या आणि पोरं श्वास कोंडेल असले तंग शर्ट मागत होती. पण फर्म्याला त्याचं काही सोयरसुतक दिसेना. छाती सतरा वर्षं अडतीसच. पोट मात्र दरसाल पाव इंच, अर्धा इंच वाढत गेलेलं. गळा पंधराचा साडेपंधरा झालेला. पाठ थोडी थोडी गोल होत आलेली, आणि डावा खांदा बासष्ट साली अर्धा इंच उतरता होता तो आता चांगला इंचभर उतरलेला.

तरीही तो मनाची समजूत घालत राहिला. लोक खातात-पितात, पोटं सुटतात, शेठना बाजाराची नाडी कळते. एकाहत्तर सालच्या फर्म्याशी येऊन मात्र तो अडला. त्या एका वर्षी पोट इंचभर आत गेलं होतं, गळाही पाव इंच उतरला होता, आणि बहात्तरला दोन्ही परत जागेवर. टायफॉइडमधून उठलेल्या गिऱ्हाइकाची मापं अशी येतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. माणूस आजारी पडतो. बाजार कसा आजारी पडेल?

सिकंदर बराच वेळ त्या चळतीवर हात ठेवून उभा राहिला. इतकी वर्षं आपण एकाच माणसासाठी बेततोय आणि तो माणूस म्हातारा होत चाललाय, हे त्याच्या बोटांना आधी कळलं आणि डोक्याला मागाहून. आणि तळाशी पडलेला बासष्ट सालचा फर्मा कुणाचा होता, हे तर उभ्या कारखान्याला माहीत होतं.

३

बासष्ट साली आकारामशेठ शेठ नव्हते. गडमुडशिंगीचा आकाराम खांद्यावर शर्टांचं गाठोडं मारून बाजार असेल त्या गावाला चालत जायचा. शर्ट शिवायचा गैबी मास्तर, म्हणजे सिकंदरचा बाप. एक मशीन, एक कातर आणि दोघांत एक चहा, असा तो कारखाना. तयार कपडे विकायचे तर फर्मा पाहिजे आणि फर्म्याला एखादं अंग पाहिजे. गैबी म्हणाला, "माझंच घ्या की." आकारामनं टेप धरली. कारण गैबी नेहमी सांगायचा ते खरंच होतं, टेलर उभ्या गावाचं माप घेतो, पण स्वतःच्या पाठीचं त्याला कधी घेता येत नाही. टेप लावणारा एक लागतो आणि लिहिणारा दुसरा. लावणारा आकडा ओरडतो, लिहिणारा "लिहिलं" म्हणतो, मगच टेप पुढं सरकते. खांद्यावर मशीन वाहून गैबीचा डावा खांदा उतरला होता, तोही तसाच फर्म्यात गेला.

शर्ट असे खपले की त्याच दिवाळीत महाद्वार रोडला दुकान झालं. दुकानात एका कोपऱ्यात फळ्या ठोकून चार बाय चारची ट्रायल रूम केली होती. आत एक आरसा, एक खुंटी, बाहेर पडदा. त्या रस्त्यावर असलं नवलच होतं, लोक शर्ट न घेता नुसता पडदा सारून बघून जायचे. उद्घाटनाच्या दिवशी गैबी घरी जेवून उठला, नवा शर्ट हातात घेतला आणि बायकोला म्हणाला, "ट्रायल घेऊन येतो." तो आत गेलेला चारजणांनी बघितला. बाहेर आलेला कुणी बघितला नाही. पण त्या गर्दीत कोण कुणावर लक्ष ठेवतंय?

मिरज झालं, बेळगाव झालं, सगळे दर्गे झाले. गैबी सापडला नाही. सिकंदर तेव्हा बारा वर्षांचा होता. शेठनी त्याला कारखान्यात घेतलं, हातात कातर दिली, माणसात आणलं. आणि शेठचं नशीब तर असं उघडलं की विचारू नका. कारखाना झाला, मग लॉज, मग चाळ, मग भाड्याच्या इमारती. दोन-तीन वर्षं गेली की कुठंतरी नवा पाया खणलेला असायचाच.

सिकंदरची आई ताजबी मात्र बासष्टच्या त्या दुपारीच बसून राहिली होती. ना सवाष्ण, ना विधवा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, अंधूक उजेडापलीकडं काही दिसेना, तरी दाराला कडी तिनं कधी लावू दिली नाही. रोज झोपताना सांगायची, "कडी लावू नको रे. तुझा अब्बा यायचा हाय." आता तिच्या छातीचं दुखणं वाढलं होतं आणि डॉक्टर स्पष्ट बोलत नव्हता. ती एकच मागायची. "जित्ता हाय का न्हाय, येवढं मला कळूं दे. न्हाय तर फातिहा तरी पढूं दे त्येंच्या नावानं. मी काय करून मरू, सांग की!" सिकंदर तिचं पांघरूण सारखं करायचा.

त्या गुरुवारी संध्याकाळी त्यानं पेटीतला बापाचा जुना शर्ट काढला, चटईवर पसरला आणि टेप लावली. सातही आकडे बासष्टच्या फर्म्याशी सुताला सूत जुळले.

"कुनाचं माप घेतोस?" ताजबीनं अंथरुणातून विचारलं. तिला टेपचा आवाज ओळखू यायचा.

"अब्बाचं. जुन्या शर्टाचं."

ती सहज म्हणाली, "आता पोट सुटलं आसंल त्यांचं."

एकोणचाळीस, हा अठ्ठ्याहत्तरच्या फर्म्यातला पोटाचा आकडा सिकंदरच्या अगदी ओठांवर आला होता. त्यानं शर्टाची घडी घातली.

४

कुणीतरी जिवंत माणसाचं माप दरसाल घेतंय, तर तो माणूस कुठंतरी राहत असणार, जेवत असणार, कुणीतरी त्याचे कपडे धूत असणार. सिकंदरचं डोकं असं सरळ चाललं होतं. शेठच्या सगळ्या इमारती झाडायचं काम तानाबाईकडं होतं. कोण कुठं राहतं हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं तिला आडून आडून विचारलं.

"सगळीकडं भाडेकरू, मास्तर. लपवून ठेवाय जागा कुठली?" तानाबाई म्हणाली. मग तंबाखूची चिमूट तिनं तशीच बोटांत धरली. "त्या कापडं बदलायच्या खोल्या तेवढ्या रिकाम्या."

"कसल्या खोल्या?"

"आता! तुमास्नी म्हाईत न्हाय? सात ठिकाणी सात हायत की. चाळीत हाय, लॉजमदी हाय, त्या गोडावनातबी हाय. शर्ट एक विकत न्हाईत तितं, पर आरसा हाय, खुंटी हाय, पडदा हाय. भाईर येक स्टूल. दर ऐतवारी मी झाडते, आन पुढच्या ऐतवारी परत खडूचा चुरा पडलेला. आरसा तेवढा पुसायचा न्हाय, आसं शेठनी सांगून ठेवलंय."

रविवारी सिकंदर तिच्याबरोबर निघाला. शेठनी पडदे बदलायला सांगितलेत, अशी थाप त्यानं मारली. खरं सांगायचं तर आता त्याला भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त होती. एखादी शिवण उसवायला घेतली की शेवटचा टाका दिसेपर्यंत हात थांबत नाही, तसं त्याचं झालं होतं. चाळीत जिन्याखाली, लॉजमध्ये व्हरांड्याच्या टोकाला, गोदामात पोत्यांच्या थप्पीमागं, सगळीकडं तीच चार बाय चारची खोली. जमिनीवर टेलरच्या खडूची पांढरी पूड आणि एखाददुसरा दोऱ्याचा तुकडा. त्याला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून त्यानं खुंट्यांची उंची मोजली.

महाद्वार रोडची खुंटी जमिनीपासून सहासष्ट इंचांवर होती. त्यानंतरच्या इमारतीतली पाव इंच खाली. तिच्या पुढची आणखी पाव इंच खाली. ज्या क्रमानं शेठनी इमारती बांधल्या, त्याच क्रमानं खुंट्या उतरत गेल्या होत्या. शर्ट काढून टांगायला माणूस हात वर करतो तेव्हा तो बघत नाही, हात सवयीनं जातो. पाठीत वाकत चाललेल्या माणसाला दर खेपेस खुंटी जरा खाली लागते.

सातव्या खोलीत तो टेप गुंडाळत असताना आरशामागून तसाच आवाज आला. टेप गुंडाळताना होतो तसा, सुळसुळ. सिकंदर थांबला. तो आवाज मात्र आणखी थोडा वेळ चालू राहिला.

"उंदरं हुतील," तानाबाई बाहेरून म्हणाली.

व्हय, उंदरंच, सिकंदरनं स्वतःला बजावलं. मग बाहेर येऊन त्यानं इमारतीला वळसा घातला. त्या भिंतीच्या मागं रस्ता होता आणि रस्त्यावर एक म्हैस रवंथ करत बसली होती.

५

सोमवारी सकाळी 'अब्बाला बघाय जातो' एवढंच ताजबीला सांगून तो निघाला आणि त्यानं बासष्टचा आणि अठ्ठ्याहत्तरचा, असे दोन फर्मे शेठच्या गादीवर ठेवले. शेठनी ते बघितले आणि नोकराला चहाला पिटाळलं.

"कळलं म्हण की तुला."

"शेठ, हे माप तुमी कुठं घेता?"

"मी घेत न्हाय रं. मी नुसतं लिवून घेतो." शेठ गळ्यातल्या सोन्याच्या चेनशी चाळा करत होते. "त्रेसष्टच्या दिवाळीत दुसऱ्याच्या मापाचं शंभर शर्ट काढलं हुतं. येक बसंना कुनाला. दुकान बुडायची येळ आली. दुपारचं दार लावून त्या पडद्याभाईर स्टुलावर बसलो हुतो, डोकं धरून. तर आतनं आवाज आला. 'गळा पंधरा.' मला काय सुचंना. तोंडातनं सवयीनं निगालं, 'लिहिलं.' मग फुडचा आला."

"आवाज कुनाचा?"

शेठनी बासष्टच्या फर्म्यावर बोट ठेवलं.

"तुमी पडदा सारून बघितला न्हाय? सोळा वर्सांत येकदाबी?" सिकंदरचा आवाज चढला. "माझी आई रोज मरायलीय तिकडं, शेठ!"

"भ्यालो," शेठ म्हणाले. "पडदा सारला आन आत कुनी नसलं तर? आन असलं तर? हितं बसून मी घोटभर चहा प्यालो, आन तेला येता यील तितं आरसा लावला, खुंटी मारली. जागा कमी पडू नये म्हणून इमारती बांधल्या. लोकास्नी वाटलं, आकाराम पैशाला हपापलाय." त्यांनी डोळे पुसले. "यंदाच्या दिवाळीत शिरोलीच्या वाटंवरच्या नव्या इमारतीत चार दिस जाऊन बसलो. आकडं आलंच न्हाईत. नाव आलं."

"कुनाचं?"

"तुझं."

रस्त्यावरून एक टांगा गेला. शेठनी गादीखालून किल्ली काढली आणि फर्म्यावर ठेवली. "जाऊ नको म्हणून सांगाय पायजे मला. सांगत न्हाय. वाईट मानूस हाय मी, सिकंदर. बाकी काय बी म्हण."

सिकंदरनं किल्ली उचलली.

६

पंचगंगेचा पूल ओलांडून सायकल शिरोलीच्या वाटेला लागली तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. ऊन लख्ख होतं. लांब फौंड्रीतले घण ऐकू येत होते, सायकलींवरून कामगार चालले होते. भुतं असल्या वेळी नसतात, असं कुणीही सांगेल. सांगायला कुणी नव्हतं म्हणून सिकंदरनं स्वतःच स्वतःला सांगितलं.

नव्या तीन मजली इमारतीत अजून कुणी राहायला आलं नव्हतं. ओल्या चुन्याचा वास होता. तळमजल्याच्या टोकाला हिरवा पडदा, त्याच्या बाहेर स्टूल, स्टुलावर एक पेन्सिल आणि कोरी चिठ्ठी. सिकंदरनं दुरूनच हाक मारली, "अब्बा?" त्याचा आवाज रिकाम्या खोल्यांतून फिरून परत आला.

त्यानं पडदा सारला. आत कुणी नव्हतं. चार बाय चारची जागा, आरसा आणि चौसष्ट इंचांपेक्षा जरा वर एक खुंटी. तो हसला, अगदी मोकळं हसला, आणि खुंटीला हात लावून बघायला आत गेला. पडदा मागं पडला.

मग त्यानं आरशात बघितलं. आरशात एक पाठ होती.

पांढरा शर्ट, थोडी गोल झालेली पाठ, मानेवर पिकलेले केस, इंचभर उतरलेला डावा खांदा. माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक जसं उभं राहतं तसा तो माणूस उभा होता, हात अंगापासून जरा लांब धरून, वाट बघत. सिकंदरचं काळीज असं भरून आलं की भ्यायचं राहूनच गेलं. तो जिवंत होता. अम्माला सांगता येणार होतं. तो कितीतरी वेळा "अब्बा" म्हणाला. पाठ वळली नाही. आणि पुढं काय करायचं ते त्याला एकच येत होतं. गळ्यातली टेप त्यानं काढली आणि त्या खांद्यांवर ठेवली. तिथं काच लागायला हवी होती. कापड लागलं, आणि आतून ऊब.

"तीरा," तो सवयीनं ओरडला, "सतरा!"

"लिहिलं," पडद्याबाहेरून कुणीतरी म्हणालं.

"गळा साडेचौदा!"

"लिहिलं."

"छाती छत्तीस! पोट एकतीस—"

तिथं त्याची जीभ अडखळली. अब्बाचं पोट एकोणचाळीस यायला हवं होतं. तीरा साडेसतरा यायला हवा होता. हे सगळे आकडे त्याच्या स्वतःच्या अंगाचे होते. टेपचं थंड पितळी टोक त्याला स्वतःच्या पोटावर जाणवत होतं, आणि आणखी एक टोक मानेखाली, अगदी मधोमध, जिथं कुठल्याही टेलरचा हात स्वतःपर्यंत कधी पोचत नाही.

"लिहिलं," बाहेरचा आवाज म्हणाला. दमलेला, खरखरीत, आणि बारा वर्षांचा असल्यापासून सिकंदरच्या कानात राहिलेला.

पडद्याखालून त्याला दोन पावलं दिसली. म्हाताऱ्या माणसाची, अनवाणी, खडूनं पांढरी झालेली. ती उठली, जरा वेळ तिथंच घुटमळली आणि निघाली. सिकंदरनं पडदा ओढला तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. स्टूल होतं, पेन्सिल होती. चिठ्ठी नव्हती.

७

परतीच्या वाटेवर सायकल सारखी डावीकडं ओढत होती. पुलावर त्यानं दोनदा उतरून हँडल तपासलं. हँडल सरळ होतं. घाबरलोय, दुसरं काही नाही, असं तो म्हणत राहिला. घरी जायचं, अम्माला सांगायचं, अब्बा जिवंत हाय, मी बघितला. एवढं सांगितलं की आज तिला झोप लागेल. बाकीचं उद्या बघू.

गल्लीत शिरताना दिवेलागणीची, मगरीबची अजान चालू होती. नेहमीसारखं दार नुसतं लोटलेलं होतं. ताजबी चटईवर बसली होती. त्याच्या पावलांचा आवाज ऐकून तिनं मान वर केली आणि तशीच धरून ठेवली.

"अम्मा," तो म्हणाला. आवाज खरखरीत निघाला. चुन्याची धूळ गेली असेल.

ती भिंतीला धरून उठली. पुढं येऊन तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला, मग गळ्याशी, मग तिची बोटं डाव्या खांद्यावर गेली आणि तिथंच थांबली. अंधूक डोळ्यांना दिसत नव्हतं ते ती बोटांनी परत परत चाचपून बघत होती.

"आनखी उतरलाय की खांदा," ती म्हणाली. मग तिच्या तोंडावर असं काही आलं की सिकंदरनं ते उभ्या जन्मात तिथं बघितलं नव्हतं. सतरा वर्षांचं वय एका क्षणात गळून पडलं. "आलासा! मला ठावं हुतं तुमी येनार. मी म्हनत हुते सगळ्यास्नी. बसा, बसा की. भाकरी टाकते गरम."

मी सिकंदर हाय, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं. तिचे हात अजून त्याच्या खांद्यावरून फिरत होते.

"पोरगं भेटलं का वाटंत?" तिनं विचारलं. "तुमास्नीच बघाय गेलंय सकाळधरनं."

पाठीत बाक आला होता, तो त्यानं सरळ करून बघितला. होईना.

"भेटलं," तो शेवटी म्हणाला.

ताजबी हसली आणि चुलीकडं वळली. बाहेर अंधार पडत होता, गार वारा सुटला होता. त्यानं जाऊन दार लावलं आणि कडीला हात घातला.

"कडी नका लावू," ती चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली. "पोरगं यायचं हाय अजून."

सिकंदरनं कडीवरचा हात काढला.